ट्यूब अॅम्पसाठी पॉवर ट्रान्सफॉर्मर: नाशिकमध्ये वाइंड करून घेतला, त्याचा अनुभव

घरी ट्यूब अॅम्प बनवायचा म्हटलं की सगळे आधी ट्यूबबद्दल (काचेच्या व्हॉल्व्हबद्दल) बोलतात. कुठल्या कंपनीची, जुन्या स्टॉकमधली की नवी, वगैरे. मग स्पीकरची चर्चा होते. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा विषय सर्वात शेवटी निघतो आणि "घे एखादा तीनशे व्होल्टचा" एवढ्यावर मिटतो. मला हा क्रम पटत नाही. ट्यूब सॉकेटमधून उपटून दुसरी लावता येते, कपॅसिटर बदलता येतो. ट्रान्सफॉर्मर मात्र एकदा चॅसीला बोल्ट झाला की आतलं एकूण एक व्होल्टेज तोच ठरवतो. तो कसा निवडला आणि नाशिकमध्येच कसा करून घेतला, ते जरा सविस्तर लिहितो. इथे गिटार वाजवणारी बरीच मुलं आहेत आणि सोल्डरिंग येणारीही कमी नाहीत.

सर्किट आधी सांगतो. पुश-पुलमध्ये, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या जोडीत, दोन ईएल८४ पॉवर ट्यूब, त्यांच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या तीन ईसीसी८३, कॅथोड बायस (बायस कॅथोडच्या रेझिस्टरने आपोआप बसतो), साधारण पंधरा वॅट. ईएल८४ घेण्याचं मुख्य कारण व्होल्टेज. प्लेटला ३०० व्होल्ट ही तिची कमाल मर्यादा आहे, आणि तेवढ्यात ती छान काम करते. ईएल३४ किंवा ६एल६ची जोडी जोरात वाजवायची तर चारशेच्या पुढे जावं लागतं. घरात पहिल्यांदा असलं काम करणाऱ्याने तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय बेंगळुरूच्या बेलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ही ट्यूब आपल्याकडे बनवलेली आहे, त्यामुळे जुन्या स्टॉकमध्ये अजून अधूनमधून सापडते. माझी जोडी मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरही तिथूनच आणला, ८ हजार ओहमचा. राहिला पॉवर ट्रान्सफॉर्मर.

कॅटलॉग उघडण्याआधी मी घरातला प्लग मोजला. आपल्याकडे कागदावर २३० व्होल्ट, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे २०७ ते २५३ यातलं काहीही नियमात बसतं. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, मिक्सर, मोटारी चालू असताना मीटर २२८ दाखवायचा. रात्री अकरानंतर तोच २४७. आणि गिटार वाजते कधी? रात्रीच. आता हिशेब बघा. २३० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २५० दिले तर हीटरचे (ट्यूब तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट ६.८५ होतात. ३०० व्होल्टचा बी प्लस (प्लेटला मिळणारा मुख्य डीसी) ३२५ च्या वर जातो. आधीच मर्यादेवर बसलेली ईएल८४ मग रोज रात्री मर्यादेबाहेर चालते. म्हणून माझ्या कागदावरची पहिली ओळ होती: प्रायमरीला, म्हणजे प्लगकडच्या वाइंडिंगला, ०-२३०-२५० असे टॅप (मधून काढलेली टोकं).

दुसरी गोष्ट करंट. इथे "पंधरा वॅटचा अॅम्प, मग वीस वॅटचा ट्रान्सफॉर्मर" असला अंदाज कामाचा नाही, ट्यूबच्या डेटाशीटवरून बेरीज करावी लागते. ३०० व्होल्टवर दोन ईएल८४ ची पूर्ण आवाजातली प्लेट करंट ९२ मिलिअँपिअर, स्क्रीनची (ट्यूबच्या आतल्या दुसऱ्या जाळीची) २२. तीन ईसीसी८३ मिळून सहा धरा. झाले १२०. थोडी सवड ठेवून मी १५० मिलिअँपिअर लिहिले. हीटरची बेरीज वेगळी: ईएल८४ ला प्रत्येकी ०.७६ अँपिअर, ईसीसी८३ ला ०.३, म्हणजे एकूण २.४२. त्यासाठी चार अँपिअर सहन करणारी तार.

मग एसी व्होल्टेज. एसीचा डीसी करणाऱ्या डायोडनंतर लगेच कपॅसिटर असेल तर डीसी हा एसीच्या १.४१ पटीकडे जातो, लोडवर थोडा खाली बसतो. २२५-०-२२५ (मध्ये सेंटर टॅप, दोन्ही बाजूंना २२५) घेतलं की ३१८ पर्यंत शिखर, आणि लोडवर तीनशेच्या आसपास. डायोडऐवजी ट्यूब रेक्टिफायर घातला तर त्याच्यातच बरेच व्होल्ट पडतात, म्हणून वाइंडिंग जास्त व्होल्टचं लागतं, आणि ईझेड८१ सारख्या रेक्टिफायर ट्यूबच्या हीटरला आणखी एक अँपिअर. ट्यूब रेक्टिफायरचा तो दबका, लवचिक आवाज मलाही आवडतो. पण कॅथोड बायसच्या लहान अॅम्पमध्ये त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मोठा करावा एवढा फरक पडत नाही. मी १एन४००७ डायोड घेतले, प्रत्येक बाजूला दोन सिरीजमध्ये. सेंटर टॅपच्या जोडणीत एका बाजूच्या डायोडला उलट दिशेने शिखराच्या दुप्पट, म्हणजे सहाशेच्या वर व्होल्ट झेलावे लागतात, म्हणून दोन.

आता व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद. ४५० व्होल्ट गुणिले ०.१५ म्हणजे सुमारे ६७, हीटरचे २५, मिळून ९२. शंभर व्हीए.

हे सगळं हातात घेऊन तयार ट्रान्सफॉर्मर शोधायला लागलो. एमजी रोडच्या दुकानांत १२-०-१२ मिळतो, हाय टेन्शनचं (जास्त व्होल्टचं) वाइंडिंग असलेला कुणाकडे नाही. व्हॉल्व्ह रेडिओचा जुना ट्रान्सफॉर्मर काढून लावावा असं अनेक जण सुचवतात. व्होल्टेज कधीकधी जुळतंही, पण तो एका आउटपुट ट्यूबच्या रेडिओसाठी बनलेला असतो, त्यात १२० मिलिअँपिअरची ताकद नसते, आणि पन्नास-साठ वर्षांच्या कागदी इन्सुलेशनवर मी माझा जीव सोपवणार नाही. परदेशी कंपन्यांचे तयार मिळतात आणि ते उत्तम असतात. फक्त अडीच-तीन किलोच्या लोखंडाचं विमानभाडं आणि कस्टम ड्युटी धरली की ट्रान्सफॉर्मरच्या किमतीएवढाच खर्च वर येतो. त्यातला स्वस्त पर्याय बहुतेकदा अमेरिकन, १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा असतो. स्टेपडाउन लावून व्होल्टेज जुळवता येतं, पण हर्ट्झचं काय करणार? तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो. लोखंड काटकसरीने घातलेलं असेल तर कोअर सॅच्युरेट व्हायला लागतो, नुसता चालू ठेवला तरी तापतो आणि गुणगुणतो.

सातपूर आणि अंबड एमआयडीसी असलेल्या गावात ट्रान्सफॉर्मरसाठी बाहेर कशाला बघायचं, हा विचार खरं तर आधीच यायला हवा कुणालाही. इथे पॅनेल बनवणारे आहेत, स्टॅबिलायझरवाले आहेत, आणि त्यांना कंट्रोल ट्रान्सफॉर्मर पुरवणारे लहान वाइंडर गल्लीगल्लीत आहेत. कुणी "गिटारचं काम आम्ही करत नाही" म्हणालं, कुणी शंभर नगांची ऑर्डर मागितली. अंबडला एका शेडमध्ये मात्र एक काका भेटले. मशिनवर बॉबिन फिरत होतं, तोंड वर न करताच त्यांनी विचारलं,

"किती व्हीए?"

"शंभर, काका."

"सेकंडरी?"

"२२५-०-२२५, दीडशे मिलिअँपिअर. आणि एक ६.३ व्होल्ट, चार अँपिअर."

मशीन थांबलं. "६.३ हे लोडवर पाहिजे की नो-लोड? आणि खरा लोड किती? चार अँपिअरला ६.३ बसवून दिलं आणि तुम्ही अडीचच घेतलं, तर ते वर जाईल. मग म्हणाल, काकांनी जास्त दिलं."

काम यांनाच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. कागदावर दुरुस्ती केली: ६.३ व्होल्ट अडीच अँपिअर लोडवर, तार मात्र चार अँपिअरची.

पुढचा तास मी स्टुलावर बसून होतो आणि खूप काही पदरात पडलं. साधारण बारा चौरस सेंटिमीटरचा कोअर, त्यावर व्होल्टला चार टर्न. म्हणजे प्रायमरीला ९२० टर्नवर २३० चा टॅप आणि १००० वर २५० चा. व्होल्टला तीनच टर्न घेतले तर तांबं वाचतं, पण फ्लक्स वाढतो आणि त्याबरोबर बाहेर पाझरणारं चुंबकीय क्षेत्रही. मोटारीच्या पॅनेलमध्ये कुणाला फरक पडत नाही, पण गिटार अॅम्पमध्ये तोच घूं आवाज स्पीकरमधून ऐकू येतो. हीटरला २६ टर्न: तेरा, मध्ये टॅप, पुन्हा तेरा. मधला टॅप जमिनीला दिला की हीटरची घूं दोन्ही बाजूंनी सारखी होऊन एकमेकींना मारते. तारा ठरल्या त्या अशा: प्रायमरी २५ गेज, हाय टेन्शन ३२, हीटर १७.

मी आणखी एक गोष्ट मागितली होती, प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा स्क्रीन. लाइनमधला कचरा, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरची आणि एलईडी दिव्यांची करकर, त्यातून अर्थला निघून जाते. काकांनी पातळ पत्र्याची पट्टी कापली, एका टोकाला वायर सोल्डर केली, पट्टी बॉबिनभोवती फिरवली आणि दुसरं टोक पहिल्यावर चढण्याआधी मध्ये लेदरॉइड या इन्सुलेशनच्या कागदाचा तुकडा सरकवला. बोट ठेवून मला दाखवलं. "ही दोन टोकं टेकली ना, तर हा एक शॉर्ट झालेला टर्न झाला. पाव व्होल्टच येईल, पण करंट एवढा की सगळं जळून जाईल." नंतर प्रत्येक थरावर कागद, सेकंडरीवर पुन्हा मायलर, बाहेर येणाऱ्या टोकांना स्लीव्ह. स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) भरून झाल्यावर वार्निशमध्ये बुडवून भट्टीत. वार्निश नीट मुरलं नाही तर पट्ट्या थरथरतात. तो आवाज यांत्रिक असतो, कुठल्याही सर्किटने जात नाही. पैसे तांबं आणि स्टॅम्पिंगच्या वजनावर लागले, बाहेरून मागवण्याच्या निम्म्यालाही गेले नाहीत.

ट्रान्सफॉर्मर हातात पडल्यावर काकांनीच ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) प्रायमरी, दोन्ही सेकंडरी, स्क्रीन आणि कोअर यांच्यातलं इन्सुलेशन दाखवलं. हे करून घेतल्याशिवाय कुणीही ट्रान्सफॉर्मर घरी आणू नये. घरी सिरीजमध्ये साठ वॅटचा बल्ब टाकून प्रायमरी चालू केली, सेकंडरी मोकळ्या, टोकांना टेप. बल्ब पेटला नाही, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग बल्ब काढून थेट: हीटर ६.५ व्होल्ट, हाय टेन्शनच्या दोन्ही बाजू २३९ आणि २४०. दोन्ही बाजू इतक्या सारख्या आल्याचा आनंद ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल.

चॅसीवर बसवण्याआधी एक छान युक्ती वापरली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावला, बाकी काही जोडलं नाही. शेजारी पॉवर ट्रान्सफॉर्मरची फक्त प्रायमरी चालू ठेवली, सेकंडरीची टोकं झाकून. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवायचा. समांतर असताना घूं स्पष्ट ऐकू येते, काटकोनात आला की जवळजवळ नाहीशी होते. जागा थोडी सरकवली की आणखी कमी. पेन्सिलने खुणा केल्या आणि तिथेच भोकं पाडली.

बाकी जोडणीत न टाळण्यासारख्या गोष्टी एवढ्याच. प्लग तीन पिनी, हिरवी वायर चॅसीला वेगळ्या बोल्टने पक्की. प्रायमरीला एक अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, हाय टेन्शनच्या सेंटर टॅपला २५० मिलिअँपिअरचा. फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या, कारण चालू केल्यावर ट्यूब तापेपर्यंत लोड शून्य असतो, आणि चुकून २३० च्या टॅपवर २५० व्होल्ट असतील तर त्या काही सेकंदांत डीसी ३६०-३७० पर्यंत चढतो. त्यांच्यावर २२० किलोओहम दोन वॅटचा ब्लीडर लावा, म्हणजे बंद केल्यावर आतली वीज उतरते. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच, कारण एवढा डीसी माणूस मारू शकतो.

ट्रान्सफॉर्मर किती तापतो हे हाताने नीट कळत नाही, म्हणून ओहमवर मोजलं. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठराविक प्रमाणात वाढतो. प्लग काढून गार प्रायमरी मोजली, १४.६ ओहम. तासभर दणकून वाजवलं, बंद करून प्लग काढला आणि लगेच मोजली, १६.४. हिशेबाने सुमारे ३३ अंशांची वाढ. एप्रिल-मे मधल्या चाळिशीतही तो पंच्याहत्तरच्या आतच राहील.

रात्री २४७ व्होल्ट असताना २५० च्या टॅपवर हीटर ६.२, बी प्लस ३०६, कॅथोडला १०.४ व्होल्ट. १३० ओहमच्या रेझिस्टरमधून म्हणजे ८० मिलिअँपिअर, दोन्ही ट्यूबचे प्लेट आणि स्क्रीन मिळून. एका प्लेटवर साडेदहा वॅट पडतात, मर्यादा बारा वॅटची. व्हॉल्यूम पूर्ण उघडून, गिटारला हात न लावता स्पीकरजवळ कान नेला तर पहिल्या ट्यूबची बारीक सळसळ येते, घूं नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की याच टॅपवर हीटर ५.७ च्या आसपास जातो, तो खालच्या टोकाला आहे. त्यामुळे टॅप बदलायचा स्विच चॅसीच्या आतच ठेवलाय आणि दुपारी-संध्याकाळी जास्त वाजवायचं असेल त्या आठवड्यात २३० वर करतो. मित्राला आता दोन ६व्ही६ चा अॅम्प करायचाय. त्याच्यासाठी काकांकडे द्यायच्या कागदावर हीटर १.८ अँपिअर लिहिलंय: ६व्ही६ ला प्रत्येकी ०.४५, आणि तीन ईसीसी८३. हाय टेन्शन त्याच्या घरचा प्लग रात्री मोजून झाल्यावर लिहायचं आहे.