जिप्सी किंगची टकटक: शोध क्रँकच्या टोकापर्यंत पोचला

मंडळी, जिप्सीचा अपडेट. गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसीचं आठ व्हॉल्वचं इंजिन. तक्रार अशी की इंजिन पूर्ण गरम झालं की स्लोला टक टक टक असा जड आवाज येतो, जरा रेस दिली की गायब, आणि कधी कधी गरम असूनही येत नाही. मिस्त्रीकडे नेली की हमखास गप्प. थंड असताना काही नाही, आंबा घाट तिसऱ्या गिअरला दाबून चढवला तरी काही नाही.

एका गॅरेजमध्ये आवाज नशिबाने आला तर दोन मिनिटं ऐकून लगेच निकाल, "बेअरिंग गेल्यात, इंजिन बांधायलाच लागतंय बघा." आता बांधायचंच असेल तर कोल्हापुरात उद्यमनगरची वर्कशॉप असताना क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंडिंगची काय चिंता नाही, पण ऑइल प्रेशर बघितलं नाही, प्लग काढून ऐकलं नाही आणि डायरेक्ट इंजिन खाली, हे काय आपल्याला पटत नाही. आवाज कधी येतो आणि कधी जातो यातच अर्धं उत्तर असतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पेट्रोलवर संशय घेतला, ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) वगैरे. ते पिंगिंग वेगळं हो, ते लोडवर येतं, चढाला टॉप गिअरमध्ये पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं, स्लोला नाही वाजत. आणि ई२० चं ऑक्टेन उलट जास्त असतं, कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं ही तक्रार खरी पण ती निराळी. तरी एकदा टाकीत ९५ ऑक्टेन भरून बघितलं, फरक शून्य.

टॅपेट (व्हॉल्व दाबणाऱ्या भागातली फट) थंड इंजिनला फिलर गेजने सेट करून घेतले, वरची चिकचिक कमी झाली, खालची टकटक तशीच. मग ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावला. गरम इंजिनला स्लोलासुद्धा काटा व्यवस्थित उभा आणि रेस दिली की ३ किलोच्या वर. बिग एंड बेअरिंग (म्हणजेच रॉड बेअरिंग, पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथली) वाजण्याइतकी सैल असती तर गरम तेलावर प्रेशर पडायला पाहिजे होतं. ऑइल बदलताना जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, फिल्टर कापून पेपर उलगडून उन्हात धरला, बेअरिंगच्या धातूची चमक नाही. एकेका प्लगची वायर काढून, अर्थ करून ऐकलं. रॉड बेअरिंग असेल तर त्या सिलिंडरचा प्लग बंद केल्यावर आवाज मऊ पडतो, इथे चारातला कुठलाही काढा, आवाज आपला थोडा इकडेतिकडे होतो पण मरत नाही.

क्लच दाबल्यावर आवाज जरा बदलायचा, त्यामुळे फ्लायव्हीलचे (क्रँकच्या मागच्या टोकाच्या जड चाकाचे) बोल्ट किंवा थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारी चकती) असेल असं डोक्यात बसलं होतं, पण क्रँकचा एंड प्ले (पुढेमागे सरकण्याचा खेळ) डायल गेजने बघितला, ठीक होता. फॅन बेल्ट काढून मिनिटभर इंजिन चालवलं, अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही निर्दोष सुटले. आवाज मात्र बेल्ट काढल्यावर जरा मोठाच झाला, तेव्हा याचा अर्थ लागला नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून फिरलो तर सगळ्यात जास्त दणका पुढे, टायमिंग कव्हरच्या (टायमिंग बेल्टवरच्या झाकणाच्या) खालच्या बाजूला. संप (खालचं ऑइलचं भांडं) आणि ब्लॉकवर त्यामानाने काहीच नाही.

आता मजेची गोष्ट. नंबर एकच्या प्लग वायरला टायमिंग लाइटचा (प्लगच्या प्रत्येक ठिणगीला चमकणाऱ्या दिव्याचा) क्लॅम्प लावला की लाइट क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा मारते, म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटाला ४००. टॅपेट, कॅम (व्हॉल्व उघडणारा वरचा दांडा), कॅमवर चालणारा पेट्रोल पंप यांचा आवाज या ४०० च्या चालीत बसतो, क्रँक आणि रॉडवाला याच्या दुप्पट. कान फ्लॅशवर ठेवून ऐकायचं, सवयीने जमतं. आपला आवाज कशातच नीट बसेना, मध्येच दोन टक जवळजवळ यायचे, मग एखादा गाळलेला. एवढं झाल्यावर बेलहाउसिंगवरचं (फ्लायव्हीलवरच्या झाकणावरचं) रबराचं बूच काढून फ्लायव्हीलची खूण बघितली आणि तिथेच सापडलं की राव. आवाज नसताना खूण दगडासारखी स्थिर, आणि टकटक चालू झाली की तीच खूण चारपाच डिग्री मागेपुढे नाचायला लागते. फ्लायव्हील क्रँकला पक्का बोल्ट केलेला, लाइटला चाल देणारा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा) हेडच्या मागच्या टोकाला कॅमवर फिरतो. म्हणजे क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये कुठेतरी खेळ आहे. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून बघितला, सैल नाही. इंजिन बंद करून गाडी चौथ्यात टाकली, पोराला पुढेमागे ढकलायला सांगितली आणि मी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतल्या फिरणाऱ्या रोटरकडे बघत बसलो. फ्लायव्हील हलतंय, रोटर गप्प, मग एकदम हलतोय. थोडा लॅश (सैलपणा) सगळ्या गाड्यांत असतो, इतका नाही.

टायमिंग कव्हर उघडलं. क्रँकच्या पुलीचा मधला १७ चा बोल्ट पाना लावल्या लावल्या सुटला, जो खरं तर लांब पाइप घालून घाम काढल्याशिवाय सुटायला नको. स्प्रॉकेटच्या (क्रँकवरच्या, टायमिंग बेल्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) मागे तांबूस भुकटी, म्हणजे लोखंडावर लोखंड घासून पडते ती. वुडरफ की (क्रँक आणि स्प्रॉकेटच्या खाचेत बसणारी छोटी पाचर) बाहेर काढली तर मध्ये सरळ पायरी पडलेली, क्रँकच्या बाजूचा अर्धा भाग आणि स्प्रॉकेटच्या बाजूचा अर्धा एकमेकांपासून सरकलेले. क्रँकवरची कीची खाच एका बाजूने रुंद झालीय, नख आत अडकतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: सुझुकीच्या या जी १३ इंजिनांच्या फॅमिलीत हा जुना रोग आहे, परदेशातल्या सामुराईवाल्यांनी (जिप्सीचीच भावंडं) यावर केव्हाच डोकं आपटून झालंय. की फक्त स्प्रॉकेट जागेवर बसवायला असते, खरा जोर बोल्टच्या दाबाने धरायचा असतो. कधीतरी टायमिंग बेल्ट बदलताना कुणीतरी टॉर्क रेंच न वापरता अंदाजाने आवळला की तो दाब जातो आणि सगळं ओझं बिचाऱ्या कीवर. स्लोला व्हॉल्व स्प्रिंग कॅमला कधी अडवतात कधी ढकलतात, त्यामुळे स्प्रॉकेट खाचेत इकडून तिकडे आपटतं. रेस दिली की एका बाजूला टेकून राहतं, म्हणून गप्प. फॅन बेल्टचा ताणसुद्धा पुलीला थोडं धरून ठेवत होता, तो काढल्यावर आवाज वाढला त्याचं कारण हेच असावं.

क्रँक बदलणं हा शुद्ध मार्ग, पण इंजिन पूर्ण उतरणार. वेल्ड भरून खाच परत पाडून देतो म्हणणारे आहेत, मला क्रँकच्या टोकाला वेल्डिंगची उष्णता द्यायची इच्छा नाही. म्हणून नवीन की, नवीन स्प्रॉकेट, नवीन बोल्ट आणि वॉशर घेतले, दोन्ही पृष्ठभाग थिनरने चकचकीत पुसले आणि खाचेतली फट लॉकटाइट ६६० ने (घट्ट होऊन धातूतली फट भरणाऱ्या चिकट द्रव्याने) भरून स्प्रॉकेट फिरण्याच्या दिशेला टेकवून बसवलं. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला, रेंचने. रात्रभर हात लावला नाही.

सध्या खूण स्थिर आहे, गरम स्लोला आवाज नाही, आणि टायमिंग नव्याने सेट केल्यावर पिकअपही सुधारलाय. एक बारीक टिकटिक थंड इंजिनला उरलीय ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटची वाटते, काजळी दिसतेय, पुढच्या वेळी ते उघडणार. हजारभर किलोमीटर झाले की कव्हर काढून बोल्टवरची पेंटची खूण हललीय का बघेन आणि फोटो टाकेन. कुणी या क्रँकवर पायरीवाली ओव्हरसाइज की मिलिंग करून घेतली असेल तर सांगा, कुठल्या स्टीलची केली आणि किती चालली.