टॅकिऑन ग्रिडचं पॅनल कस्टममधून सोडवताना : माझा अनुभव

स्टार ट्रेक या अंतराळातल्या सिरीजवाल्यांना टॅकिऑन ग्रिड वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात, रोम्युलन या शत्रू लोकांची जहाजं क्लोक लावून अदृश्य होतात, म्हणून 1991 च्या ‘रिडेम्प्शन’ या एपिसोडच्या दुसऱ्या भागात कॅप्टन पिकार्ड सीमेवर जहाजांची रांग लावतो, जहाजाजहाजांमध्ये टॅकिऑन या काल्पनिक कणांचे बीम सोडतात, लपलेलं जहाज मधून गेलं की बीम तुटतो आणि पडद्यावर लगेच कळतं. आयडिया त्याच्या इंजिनिअरची, जॉर्डीची. मला तर अख्ख्या सिरीजमधली ही सगळ्यात भारी आयडिया वाटते, दिसत नाही ना, मग शोधत कशाला फिरायचं, वाटच अडवून बसा!

तर त्या डिस्प्लेचं भिंतीवर लावायचं पॅनल मी परदेशातल्या एका हौशी कारागिराकडून बनवून घेतलं. ऑर्डर, पेमेंट, केवायसी सगळं पटापट झालं.

अडकलं कस्टमला. विक्रेत्याने उत्साहात इनव्हॉइसवर लिहिलेलं, ‘स्टारशिप सेन्सर डिस्प्ले, लपलेली शत्रूची जहाजं शोधण्यासाठी’. झालं, क्वेरी आली : उपकरण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, रेंज किती, ईटीए (वायरलेस उपकरणाच्या मंजुरीचं) सर्टिफिकेट जोडा. आता वायरलेस वस्तू बाहेरून आणायची तर ही मंजुरी लागते हे मला मान्य आहे, नियम योग्यच आहे, पण ज्यात अँटेनाच नाही त्याची फ्रिक्वेन्सी मी कुठून आणू? तसं लिहून अपलोड केलं तर परत तीच क्वेरी, शब्द न शब्द तोच. फोन केला की ‘मॅडम रिप्लाय अपलोड करा’, अहो केलाय ना, ‘मग वाट बघा’. कोणीतरी खोका उघडून एकदा बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि तेवढ्यासाठी मी रोज उठून स्टेटस बघत बसले. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

हो, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि प्रॉडक्ट पेजची प्रिंट आधीच पीडीएफ करून ठेवा, तेही मागतात.

शेवटी काम झालं ते फोटोने. विक्रेत्याकडे तसंच दुसरं पॅनल होतं, त्याला मागचं झाकण काढून फोटो पाठवायला सांगितलं. आत फक्त एलईडीची पट्टी, दोन वायरी आणि 12 व्होल्टचं सॉकेट. सिरीजच्या सेटवरही डिझायनर मायकल ओकुडांची बरीच पॅनल्स अशीच होती, छापलेली फिल्म आणि मागून उजेड. सोबत सही करून लिहून दिलं की यात ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी काही नाही, आणि टॅकिऑन हा कण आजवर कोणाला सापडलेलाच नाही, 1962 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशापेक्षा वेगवान कणांची कल्पना मांडली, ‘टॅकिऑन’ हे नाव फाइनबर्ग यांनी 1967 मध्ये दिलं. पार्सल सुटलं! ड्युटी भरली, वर कुरियरचे हँडलिंग चार्जेस.

पॅनल मात्र अप्रतिम आहे. निळ्या रेघांचं जाळं, आणि डेटा या अँड्रॉइड अधिकाऱ्याच्या सदरलँड जहाजापाशी, जिथे रोम्युलन कमांडर सेला घुसायला बघते, तिथला तुकडा लाल. बटण दाबलं की तेवढाच लुकलुकतो.

तुम्ही मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा, इनव्हॉइसवर ‘एलईडी लावलेलं अ‍ॅक्रिलिक वॉल पॅनल, वायरलेस नाही’ असं लिही, तेच खरं आहे. आणि अ‍ॅडॉप्टर तिकडून घेऊ नका, त्याची पिन आपल्या सॉकेटला बसत नाही, इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 12 व्होल्टचा सहज मिळतो.