तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी घरं बंद, मग एक भाड्याने का मिळत नाही?

मालवणहून आचऱ्याच्या रस्त्याला लागलात की एका तिठ्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, वीजबिल, सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच्या बाकड्यावर हापूसच्या चार पेट्या. तिठ्यावरचा दुकानदार म्हणजे गावाची चौकशीची खिडकी. देवळाचा रस्ता, एसटीची वेळ आणि ताजे बांगडे कुठे मिळतील, यांच्या जोडीला एक प्रश्न ठरलेला असतो. परवा पुण्याचं एक जोडपं आलं, दोघंही घरून काम करणारी. येताना रस्त्यात त्यांनी बंद घरं मोजली होती. 26 भरली. "काका, एवढ्या घरांना कुलूप, आणि आम्हाला वर्षभरासाठी एक मिळेना. लोकांना पैसे नकोत का?"

दुकानात तेव्हा दाखल्यांची गर्दी होती. उत्तर अर्धंच दिलं. हे उरलेलं.

पैसे सगळ्यांना हवेत. पण ते घ्यायचे कोणी, इथेच गाडी अडते. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, तसे मी दिवसाला बरेच काढतो. घाटावरून आलेल्या माणसाला कधीकधी वाटतं की प्रिंटर बिघडला, कारण एकाच सर्व्हे नंबराच्या एका हिश्श्याचा उतारा संपतच नाही. नावामागून नाव. त्यांतली काही माणसं मी शाळेत जायच्या आधी वारलेली, पण कागदावर अजून हयात. दुकानापासून हाकेच्या अंतरावर एक मोठं घर आहे. पडवी, लोटा, माजघर, मागे न्हाणी, परसात दोन फणस. ते ज्या जमिनीत आहे तिच्यावर 31 नावं आहेत. मूळ भाऊ चार. एक गावात राहिला, तीन मुंबईला गिरणीत गेले. लालबागला गावकीच्या खोलीत वळकट्या टाकून राहिले आणि महिन्याला पैसे पाठवत राहिले. त्या पैशावर इथला वाण्याचा उधार फिटायचा, शाळेची फी भरली जायची, आणि त्याच पैशावर हे घर बांधलं गेलं. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि गिरणी सुटली ती सुटलीच. मुलं डोंबिवली, नालासोपारा, विरार अशी लांब लांब सरकत गेली. एक मस्कतला आहे.

आता समजा हे घर महिना 3000 रुपयांनी दिलं. माणशी 97 रुपये येतात. हिस्से सारखे नसतात हे मला ठाऊक आहे, मी रोज तेच कागद बघतो. पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. त्या 97 रुपयांसाठी 31 जणांची संमती कोण गोळा करणार? आणि एकाने परस्पर भाडं घेतलं, तर उरलेले 30 जण पुढच्या गणपतीत त्याला माजघरात बसवून हिशेब मागतील.

वारसनोंदी का करत नाहीत, असंही विचारतात. आळस आहेच, पण दुसरंही एक कारण आहे, जे कोणी मोठ्याने बोलत नाही. वारस लावायला गेलं की बहिणींची नावं चढतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने देशभर मुली जन्मापासून हिस्सेदार झाल्या, आपल्या राज्यात तर 1994 पासूनच. ते रास्तच झालं. पण "तिका हक्कसोड करूक सांगूया, मगे बघूया" असं म्हणत भाऊ थांबतात, आणि थांबता थांबता भाऊही जातात, बहिणीही जातात, आणि नावं पाचाची पंचवीस होतात. माझंच बघा. मला घराच्या मागे दोन खोल्या काढायच्या होत्या, कर्ज हवं होतं. बँकेने सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागितल्या. त्या 14 होत्या. दोन वर्षांत 11 मिळवल्या. बाराव्या सहीसाठी भांडुपला गेलो तर चुलते आदल्या महिन्यात गेले होते आणि त्यांच्या जागी तीन वारस उभे होते. तिथे मी नाद सोडला.

घरपट्टीची पावती आहे ना, मग झालं, असं शहरातले लोक म्हणतात. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा कर भरण्यापुरता. त्याने मालकी ठरत नाही. घरपत्रकाला एकाचं नाव, खालच्या जमिनीवर दुसऱ्याचं आणि इतर हक्कांत कुळाचं तिसरंच, असा त्रिफळा आमच्याकडे घरोघर आहे. 'स्वामित्व' योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं देतात, पण कोकणातल्या बऱ्याच गावांत गावठाणच नाही. घरं वाडीवाडीने, आपापल्या जमिनीत विखुरलेली. ड्रोन वरून काय मोजणार, माड?

आणि कुळाची भीती. 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक झाली. ज्यांच्या आज्याला जमीन मिळाली तेही इथेच आहेत आणि ज्यांच्या आज्याची गेली तेही. भाड्याने घर दिल्याने कोणी कूळ होत नाही, 11 महिन्यांचा करार नोंदवून रीतसर देता येतं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं आहे. शेजारच्या वहिनींचं उत्तर एकच: "एकदा आत इलेलो मनीस भायर खंय जाता?"

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. "भाड्यान दिलंव तर गणपती खंय बसवतलंव?" इथे भाऊ वेगळे झाले तरी गणपती बहुतेक ठिकाणी एकच, मूळ घरात. कुठे भावांनी वर्षाच्या पाळ्या लावलेल्या असतात. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला तेच लाकूड आणि आरतीला तीच पडवी. वर्षातले सात किंवा अकरा दिवस, शिमग्याचे दोन-चार आणि मे महिन्यातला एखादा आठवडा, एवढ्यासाठी हे घर उभं आहे. तुम्हाला ते रिकामं दिसतं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या माणसाला आपण कोणीतरी आहोत हे सांगणारी तेवढी एकच जागा आहे. मी त्यावर हसत नाही. वैताग येतो, पण हसत नाही.

तोवर घराचं काय होतं, तेही ऐका. चिऱ्याची भिंत शंभर वर्षं उभी राहील, पण तिच्यावरची मंगळुरी कौलं माणूस मागतात. माकडांचा कळप छपरावरून गेला की चार कौलं सरकतात. पहिल्या पावसात भिंतीला ओल धरते, दुसऱ्यात वाशांना वाळवी लागते, तिसऱ्यात आढं खाली येतं. पूर्वी मे महिन्यात कौलं परतायला माणसं मिळायची. आता जाणते साठीच्या पुढचे, त्यांना चढवत नाही, आणि त्यांची मुलं गोव्यात. मग ज्याला परवडतं तो कौलं उतरवून पत्रा घालतो आणि उन्हाळ्यात भाजून निघतो. आखाती पैशातून स्लॅब घातलेल्यांची मजा वेगळीच. आमच्या पावसापुढे स्लॅबही ठिबकतो, म्हणून त्याच्यावर परत पत्र्याची शेड. सिमेंटच्या घराला टोपी, असं आम्ही म्हणतो. घरकुल योजनेतून पैसे मिळतात, पण तेही जागा स्वतःच्या नावावर असेल तर. म्हणजे परत माझ्या प्रिंटरपाशी.

हे सगळं मे 2021 मध्ये एकदम उघडं पडलं. 16 तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. राहत्या घरांवर लोकांनी रात्रीच दगड, दोऱ्या, ताडपत्र्या टाकून निभावून नेलं. बंद घरांची छपरं उडाली ती तशीच. वीज कित्येक दिवस नव्हती, फोन बंद, मालकांना कळवणार कसं? पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा "घरात कोण राहतं?" या रकान्याशी त्यांचं पेन थांबायचं.

त्याच्या आदल्या वर्षी मात्र मी वेगळंच दृश्य पाहिलं. 2020 च्या मे-जूनमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईचे चाकरमानी आले. आधी शाळेत विलगीकरण, शाळेच्या गेटवर भाकरीचे डबे ठेवून लोक लांब उभे. मग एकेक घर उघडलं. संध्याकाळी दुकान बंद करून जाताना वाडीतल्या सगळ्या पडव्यांत दिवे लागलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. मे महिन्यातच विहिरींनी तळ गाठला होता, मोबाइलच्या रेंजसाठी पोरं सड्यावर चढत होती, आणि जमिनीवरून तीन भांडणं लागली. तरी दिवे होते. दिवाळीपर्यंत बहुतेक गेले.

मग इथे राहणारे जगतात कशावर? 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात त्याचा पैसा खरोखर आला. पण तिथे खोली रात्रीवर जाते, महिन्यावर कशाला देतील? शिवाय देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. नवीन बांधायला सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची, अट आडवी येते. त्यामुळे आहे त्याच घराच्या न्हाणीघरासकट खोल्या होतात आणि घरातले लोक मागच्या पडवीत झोपतात. यांत्रिक होड्यांची मासेमारी पावसाळ्यात बंद. उरलेल्या दिवसांत पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (घेराच्या मोठ्या जाळ्याने मासे धरणारे) यांचं भांडण, त्यावर वेगळं लिहावं लागेल. गोव्यालगतच्या तालुक्यांतली मुलं पहाटे दुचाकी काढतात, पेडण्याकडच्या कारखान्यांत किंवा हॉटेलांत पाळी करून रात्री परततात. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा 19,174 ने कमी. हजार पुरुषांमागे 1036 बायका. हा आकडा सांगून आमच्याकडे भाषणात टाळ्या घेतात. पुरुष कुठे गेले, हे कोणी विचारत नाही.

आंब्याचं सांगतो, कारण त्यात घराचा संबंध आहे. बागेचे मालक मुंबईला असले की बाग कराराने जाते. मोहोर येण्याआधीच सौदा ठरतो. फवारणी, राखण, पेट्या वाशीला पाठवणं, सगळं करारवाल्याकडे. राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. ती बागेतल्या मांगरात राहतात, जिथे पूर्वी गवत आणि नांगर ठेवायचे. वर पत्रा, पुढे झापाची आडोशाची भिंत. शंभर पावलांवर मालकाचं आठ खोल्यांचं घर, कुलूप घातलेलं. नेपाळी बाईने मला एकदा विचारलं, त्या घरात कोण राहतं? मी म्हटलं, गणपती. तिला ते पटलं. आणखी काही विचारलं नाही.

सगळ्यात हाल नोकरीवाल्यांचे. गेल्या वर्षी आमच्या शाळेत लातूरकडच्या एक बाई शिक्षिका म्हणून आल्या. दीड महिना मालवणात राहून एसटीने ये-जा केली. शाळा सुटल्यावर एसटी चुकली की वस्तीची गाडी उलट दिशेने येणारी. माझ्याकडे सात घरांच्या किल्ल्या आहेत. मुंबईची मंडळी माझ्यावर सोपवून गेलीत: अमावास्या-पौर्णिमेला दिवा लाव, श्रावणात खिडक्या उघड, कौल सरकलं तर फोन कर. सात किल्ल्या खिळ्याला लटकवून मी त्या बाईंना "बघतो हं" म्हणत होतो. शेवटी लाज वाटली. परळच्या एका काकींना फोन केला. त्यांच्या घरावर नावं कमी, तीनच, आणि तिघंही बोलण्यातली. काकी दोन दिवस गप्प राहिल्या. मग फोन आला, "दी. पण माजघरातल्या कोनाड्यातले देव हलवूचे नाय, आणि चतुर्थीक घर मोकळा होया."

बाई चतुर्थीला लातूरला गेल्या. काकी आल्या, तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि विहिरीचा राट नवा होता. त्यांनी भाडं घेतलं नाही. वर्षाची घरपट्टी भरायला सांगितली. बाईंची आता बदली झाली आहे.

तर पुण्याच्या मंडळींनो, ते घर सध्या रिकामं आहे. रस्त्यापासून चढ आहे, गाडी खालीच लावावी लागेल. विहीर एप्रिलअखेरपर्यंत टिकते, पुढे टँकर. रेंज पडवीच्या डाव्या कोपऱ्यात येते. देव हलवायचे नाहीत, आणि भाद्रपदात अकरा दिवस तुम्हाला दुसरीकडे जावं लागेल. हे चालत असेल तर काकींना फोन लावून बघतो.