ब्रिस्टलच्या शाळेतला ब्लॅक हिस्टरी मंथ : माझा अनुभव

मी ब्रिस्टलमधल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. माझी धाकटी मुलगीही त्याच शाळेत शिकते. गेल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या ब्लॅक हिस्टरी मंथची, म्हणजे कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगण्याच्या महिन्याची, आखणी करणाऱ्या छोट्या गटात हेडटीचरबाईंनी मला घेतलं, त्यामुळे हा महिना कसा उभा राहतो ते आतून बघायला मिळालं. इथे नव्यानं आलेले मराठी आईबाबा याबद्दल खूप विचारतात, आणि आपल्यातले बरेच जण शाळांच्या पालक समित्यांवरही असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत हा महिना फेब्रुवारीत असतो. कार्टर वुडसन या इतिहासकारानं 1926 मध्ये एका आठवड्यापासून सुरुवात केली, आणि त्यासाठी अब्राहम लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस ज्यात येतात तोच आठवडा निवडला. 1976 मध्ये त्या आठवड्याचा महिना झाला. ब्रिटनमध्ये याची सुरुवात 1987 साली लंडनमध्ये झाली, घानाहून आलेल्या अकियाबा अडाई-सेबो यांच्या पुढाकारानं. इथे तो ऑक्टोबरमध्ये असतो, उन्हाळ्याची सुट्टी संपवून मुलं ताजीतवानी परत आलेली असतात तेव्हा. नावाला महिना, पण शेवटी हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी येते. त्यामुळे तयारी सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापासून लागते, खरं तर त्याच्याही आधीपासून.

आमच्याकडे पूर्वी ठरलेला साचा होता. रोझा पार्क्स, मार्टिन ल्युथर किंग आणि मंडेला यांचे फोटो बोर्डावर लागायचे, एक असेंब्ली व्हायची आणि शेवटच्या शुक्रवारी ढोलवादन. मुलांना मजा यायची, पण नोव्हेंबरमध्ये विचारलं तर एखादं नाव आठवायचं, त्या माणसानं काय केलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. या वेळी हेडटीचरबाईंनी काही ठरवण्याआधी पालकांना बोलावलं. बैठकीला जमैकन, सोमाली, घानाच्या घरांमधले आईवडील आले होते. एक आई शांतपणे म्हणाली, "माझ्या मुलाला शाळेत आमची माणसं पहिल्यांदा भेटतात ती साखळदंडात. गुलामगिरी शिकवाच, पण त्याआधी त्याला वादक, सैनिक, डॉक्टर, शिक्षक भेटू द्या." शाळेतल्या एकमेव कृष्णवर्णीय शिक्षिकेनंही तेव्हाच सांगून टाकलं, की हा सगळा महिना माझ्या एकटीच्या गळ्यात घालू नका, मी इथे गणित शिकवायला आले आहे. दोन्ही गोष्टी मला मनापासून पटल्या. पुढची सगळी आखणी त्यांवरच झाली.

म्हणून आम्ही सुरुवात केली 1511 पासून. त्या वर्षी वेस्टमिन्स्टरला आठव्या हेन्रीनं मोठा सोहळा केला होता आणि त्याची एक लांबलचक चित्रगुंडाळी आजही आहे. तिच्यात घोड्यावर बसून तुतारी वाजवणारा एक कृष्णवर्णीय वादक दिसतो. तो जॉन ब्लँक, दरबाराचा पगारी माणूस. तिथून क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारी जमैकाची मेरी सीकोल, आणि मग टॉटनहॅमकडून फुटबॉल खेळलेला, पुढे ब्रिटिश सैन्यात अधिकारी होऊन 1918 मध्ये फ्रान्समध्ये लढताना मारला गेलेला वॉल्टर टल. लहान वर्गांसाठी एवढं पुष्कळ झालं.

मोठ्या मुलांसाठी गुलामगिरी टाळता येत नाही, आणि ब्रिस्टलमध्ये तर मुळीच नाही. या शहराच्या बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठी जहाजांच्या 2,000 हून जास्त फेऱ्या झाल्या. 2020 च्या जूनमध्ये लोकांनी गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाडून बंदरात ढकलला, तो आज एम शेड संग्रहालयात आडवा ठेवलेला आहे. पण पुतळ्यापाशी थांबलं की गोष्ट पुन्हा व्यापाऱ्याचीच होते. आम्ही इयर सिक्सला जॉर्जियन हाउस या संग्रहालयात नेलं. जॉन पिनी या ऊसमळेवाल्याचं ते घर. तळघरात त्याचं थंड पाण्याचं स्नानकुंड आहे, वर चकचकीत जेवणघर. याच घरात पेरो जोन्स नोकर म्हणून राबला. पिनीनं त्याला कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर 1765 मध्ये विकत घेतलं, तेव्हा तो 12 वर्षांचा होता. त्याच्या दोन बहिणींनाही घेतलं होतं. मुलं सगळी 10-11 वर्षांची. हा आकडा ऐकल्यावर एका मुलीनं मला विचारलं, "मिस, बहिणी पण इथेच होत्या का?" बहिणी नेव्हिसलाच राहिल्या होत्या. परत येताना आम्ही बंदरावरच्या त्या पादचारी पुलावरून आलो. 1999 पासून त्याला पेरोचं नाव आहे. ज्या पुलावरून ही मुलं शनिवार-रविवारी आइस्क्रीम खात जातात, त्याच्या कठड्याला हात लावून ती जरा वेळ उभी राहिली.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो इयर फाइव्हचा विषय : 1963 चा ब्रिस्टल बस बहिष्कार. शहराच्या बस कंपनीत कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेचाही त्याला पाठिंबा होता. तसं लेखी कुणी कबूल करेना. मग पॉल स्टीफनसन या तरुण युवक अधिकाऱ्यानं फोनवरून एका मुलाखतीची वेळ घेतली. उमेदवार होता 18 वर्षांचा गाय बेली. सगळी पात्रता असलेला, बॉइज ब्रिगेडमधला शिस्तीचा मुलगा. तो दारात पोचला, त्याचा रंग दिसला आणि जागा भरल्याचं सांगण्यात आलं. पुरावा मिळाला. स्टीफनसन, रॉय हॅकेट, ओवेन हेन्री आणि त्यांच्या सोबत्यांनी 30 एप्रिलपासून बहिष्कार सुरू केला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांत सांगायलाच हवं : वेस्ट इंडीजचे महान अष्टपैलू लिअरी कॉन्स्टंटाइन तेव्हा त्रिनिदाद-टोबॅगोचे इथले उच्चायुक्त होते, तेही उघडपणे पाठीशी उभे राहिले. 28 ऑगस्टला कंपनी नमली. तिकडे वॉशिंग्टनमध्ये किंग यांचं जगप्रसिद्ध भाषण झालं तेही त्याच दिवशी.

हे शिकवायचं कसं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मुलांचे दोन गट पाडून एकाला 'नाही' म्हणायचं, असं नाटक एका शिक्षकांनी सुचवलं. बैठकीतल्या पालकांनी ते ठामपणे नाकारलं. अपमान कसा वाटतो हे ज्या मुलांना आधीच ठाऊक आहे, त्यांना वर्गात पुन्हा तो कशाला भोगायला लावायचा? मग हॉलमध्ये खुर्च्यांची बस मांडली, पण बसमध्ये कुणीच बसायचं नाही असं ठरलं. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी : तू नर्स आहेस, रात्रपाळी संपली आहे, तुझ्याकडे तान्हं बाळ आहे, तुझं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, बाहेर पाऊस आहे. नकाशावर आपली वाट बोटानं काढायची आणि चालत जायला किती वेळ लागेल ते सांगायचं. एका मुलाच्या चिठ्ठीत गुडघे दुखणारी आजी होती. तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हिला चालता येणार नाही. पण ही दुसऱ्यांसाठी डबे करून देऊ शकते. चालेल ना?" त्यावर वर्ग असा काही पेटला की ज्यांना चालणं जमणार नाही त्यांनी आणखी काय-काय करता येईल याचीच यादी फळ्यावर झाली. आदर्श म्हणजे पुढे उभा असलेला एकच माणूस, ही कल्पना त्या अर्ध्या तासात गळून पडली. स्टीफनसनच्या मागे चालत कामाला जाणारी शेकडो माणसं होती आणि मुलांना ती दिसली.

त्या रात्री भाकरी थापताना माझ्या मुलीनं विचारलं, "आई, आपण ब्लॅक आहोत का?" मी म्हटलं, "नाही गं. पण तेव्हा त्या बस कंपनीनं तुझ्या बाबांनाही घेतलं नसतं." मग तिला पुढची हकीकत सांगितली. बंदी उठल्यावर सप्टेंबरमध्ये बसवर जो पहिला गौरेतर कंडक्टर रुजू झाला, तो शीख होता, रघबीर सिंग. कॅरिबियन माणसांनी लढा दिला आणि दार आपल्यालाही उघडलं. दोन वर्षांनी, 1965 मध्ये, ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा आला. आज आपण इथे नोकरी मागायला निर्धास्त जातो त्याच्या मुळाशी हे सगळं आहे.

हे मी आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही लिहिलं, कारण तिथे प्रश्न आलाच होता : "ताई, आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध? दिवाळीसाठी शाळा एवढं करते का?" दिवाळीसाठी शाळेनं करावं, मी स्वतः त्यासाठी भांडेन. पण संबंध नाही हे मला मान्य नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी, त्यांना तो संबंध दिसला होता. आणि आपल्या घरांतून बाळ जन्मलं की 'रंग कुणावर गेलाय' हे अजून विचारतात, लग्नाच्या जाहिरातींत गोरी हवी असते. आपल्या मुलांना हा महिना इतरांइतकाच हवा, कदाचित जास्तच. ग्रुपवर काहींना पटलं, काही गप्प राहिले. एक वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःहून मदतीला आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

आता आदर्श निवडण्याबद्दल. मुलांना विचारलं की पहिली यादी फुटबॉलपटूंची येते : रॅशफर्ड, साका. मोठी माणसं लगेच नाकं मुरडतात, आणि मला ते अजिबात आवडत नाही. मार्कस रॅशफर्डनं 2020 मध्ये खासदारांना जाहीर पत्र लिहिलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब घरांतल्या मुलांना जेवणाची कुपनं देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला; इंग्लंडमधल्या सुमारे 13 लाख मुलांचा तो प्रश्न होता. लहानपणी तो स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेला. ज्या मुलाला रॅशफर्ड हवा होता त्याला आम्ही एवढंच सांगितलं, की गोलांबरोबर हेही लिही. नियम एकच ठेवला : 'थोर', 'शूर', 'महान' असे शब्द नकोत, त्या व्यक्तीनं काय केलं आणि तिला कुणी मदत केली ते लिहायचं. दुसऱ्या प्रश्नामुळे फार छान उत्तरं आली. वाचताना अक्षरं अडखळणाऱ्या एका मुलीनं मॅगी अडेरिन-पोकॉक निवडल्या. त्या अंतराळशास्त्रज्ञ आहेत, आईवडील नायजेरियाचे, आणि त्यांना स्वतःला डिस्लेक्सिया आहे. त्या मुलीनं आपला कागद असेंब्लीत स्वतः वाचला, सावकाश, मध्ये थांबत, आणि सगळ्यांनी वाट पाहिली. एका मुलानं आपली आजी निवडली. ती जमैकाहून येऊन इथल्या रुग्णालयात नर्स झाली. त्याच्या कागदावर मदत करणाऱ्यांत शेजारीणबाईंचं नाव होतं, ज्या आजीच्या रात्रपाळीत तिची मुलं सांभाळायच्या.

माझ्या मुलीनं मलिक अंबर घेतला. निवड तिची, पुस्तकं माझी. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला मुलगा दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. मुघलांना त्यानं गनिमी काव्यानं जेरीस आणलं; शहाजीराजे त्याच्या बाजूनं भातवडीला लढले. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि शहराला जमिनीखालून पाणी आणलं. कागद लावताना एक सोमाली आई थांबून वाचू लागली. अंबर हरारच्या परिसरातला मानतात म्हटल्यावर ती म्हणाली, "हरार? माझे मामा तिथलेच." मग आम्ही दोघी नकाशावर हरारहून आधी समुद्रापर्यंत आणि तिथून दख्खनपर्यंत रेघ ओढत बसलो, आणि आमच्या मुली आमच्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या.

तक्रारीचं पत्रही आलं : एकाच समाजाचा महिना कशाला, सगळ्यांचा का नाही? हेडटीचरबाईंनी त्या पालकांना वर्गात बोलावून मुलांचं काम दाखवलं. त्यांचं मत बदललं की नाही माहीत नाही, पण त्यांचा मुलगा त्या दिवशी त्यांना बस बहिष्काराची गोष्ट सांगत होता, आणि ते पूर्ण ऐकून गेले.

ज्यांना आपल्या शाळेत असं काही करायचं आहे त्यांना माझं सांगणं : जूनमध्येच पालकांशी बोला, आपल्या शहराच्या अभिलेखागारात आणि संग्रहालयात चौकशी करा, आणि ज्यांच्या घरचा हा इतिहास आहे त्यांना आखणीच्या वेळी बोलवा, समारंभाच्या वेळी नव्हे. खर्च फार येत नाही. आमचा बराचसा पैसा छपाईत आणि रंगीत कागदात गेला.

वर्षअखेरीच्या बैठकीत शिक्षकांनी एक बदल मंजूर करून घेतला. बस बहिष्कार आता ऑक्टोबरपुरता राहणार नाही, तो इयर फाइव्हच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात गेला आहे. वसंत सत्रात पाच आठवडे तो शिकवला जाईल, आणि पहिल्या तासाला मुलांच्या हातात 1963 च्या वर्तमानपत्रांच्या प्रती असतील. त्या गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.