गेरूला वय विचारता येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक असाच येतो: इजिप्तमधल्या गीझाच्या मोठ्या पिरॅमिडात तो बांधवणाऱ्या खुफू राजाचं नाव लाल रंगात लिहिलेलं आहे ना, मग चिमूटभर रंग प्रयोगशाळेत देऊन वाद मिटवत का नाहीत?

वाद असा. पिरॅमिडातल्या ‘राजाचं दालन’ म्हणतात त्या खोलीवर एकावर एक पाच ठेंगण्या पोकळ्या आहेत. वरच्या चार कर्नल हॉवर्ड वाइझ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३७ मध्ये सुरुंगाची दारू लावून उघडल्या. आत खुफूचं नाव आणि मजुरांच्या टोळ्यांच्या खुणा निघाल्या. त्या वाइझनेच रंगवल्या, असं काही लोक चाळीसेक वर्षं म्हणताहेत. २०१३ मध्ये जर्मनीच्या हौशी अभ्यासकांनी तिथला रंग परवानगीशिवाय खरवडून मायदेशी नेला. नमुने परत करावे लागले आणि इजिप्तच्या न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

गुन्हा तर होताच, पण खटाटोपही फुकटचा. रंग आहे गेरू, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. जुन्या वस्तूंचं वय सांगणारी कार्बन-१४ ची चाचणी कार्बनची असते आणि गेरूत तो नाहीच. रंगात डिंकासारखं काही कालवलं असेल तर त्याचा अंश मिळेल, पण चाचणीला साधारण एक मिलिग्रॅम शुद्ध कार्बन लागतो. पातळ फराट्यातून तेवढा काढायचा तर अक्षरच जाईल. शिवाय त्यावर वाइझच्या दारूची काजळी, मशालींचा धूर आणि पावणेदोनशे वर्षांतल्या माणसांचे हात. आलेला आकडा नेमका कशाचा, हे कोण सांगणार?

वय काढायचंच तर दगडांच्या सांध्यातला जिप्समचा गारा बघतात. जिप्सम भाजताना जळणाचे कण त्यात अडकलेत. असा कण स्वच्छ चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा. कापूस किंवा कागद नको, त्यांचे तंतू म्हणजे आजचा कार्बन. जागेचा फोटो आणि नोंद आधी. प्रयोगशाळेत आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल अशी धुलाई, मग जाळून कार्बन डायऑक्साइड.

एवढं करूनही १९८४ च्या नमुन्यांची वयं ऐतिहासिक कालगणनेपेक्षा सरासरी ३७४ वर्षं जास्त आली. १९९५ च्या फेरीत फरक शे-दोनशे वर्षांवर आला. कारण साधं आहे: चाचणी लाकूड कधी वाढलं ते सांगते, चुलीत कधी गेलं ते नाही. लाकडाची चणचण असलेल्या देशात जुन्या घरांची वासे-खांबंही भट्टीत जात असणार. म्हणून २०१० च्या मोठ्या अभ्यासात संग्रहालयांतली बियाणं, टोपल्या, कापड असे एकाच हंगामात वाढलेले नमुने घेतले, आणि निकाल राजांच्या यादीशी बराच जुळला.

राहिला वाइझ. काही खुणा आडव्या, काही उलट्या आहेत, कारण दगड वर चढण्याआधीच रंगले होते. आणि काही शेजारच्या दगडाच्या आड, सांध्याच्या फटीत शिरतात. तिथे १८३७ मध्येच काय, आजही कुंचला जात नाही.