पोटापाण्याला काय करतात?

भारतातून आमच्याकडे कुणी राहायला आलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून ब्लूग्रासच्या, म्हणजे इथल्या तारवाद्यांवरच्या गावरान संगीताच्या, कार्यक्रमाला नेतो. नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या माणसाने पाहुण्यांना दाखवायचं तरी काय? समुद्र एका टोकाला, डोंगर दुसऱ्या टोकाला, आम्ही मध्ये. त्यापेक्षा हे बरं. एखाद्या जुन्या शाळेचा हॉल, घडीच्या लोखंडी खुर्च्या, मध्यंतरात कॉफी आणि घरी केलेला केक. समोर पाच माणसं: बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर जाणारा उभा बेस. तालवाद्य एकही नाही. ठेका बेस आणि मँडोलिन मिळून धरतात.

पाहुणे मान डोलवतात, टाळ्या वाजवतात. परतताना गाडी हायवेला लागली, की प्रश्न येतो. "छान वाजवतात हो. पण हे लोक पोटापाण्याला काय करतात?"

मावशीने विचारलं, मेव्हण्याने विचारलं, बायकोच्या दोन मैत्रिणींनी विचारलं. पुण्याचे आमचे एक शेजारी सीए आहेत. त्यांनी तर मध्यंतरातच हॉलमधली डोकी मोजली, वीस डॉलरने गुणली, पाचाने भागली, पेट्रोल वजा केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू या धंद्यात मीच त्यांना पैसे घालायला सांगतोय. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आधी एक खुलासा. बँजो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी येते. ते वाद्य वेगळं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, बुलबुलतरंगाच्या घरातलं. इथला बँजो म्हणजे खंजिरीला दांडा जोडून पाच तारा ताणल्यासारखा. त्याचं मूळ आफ्रिकेतलं, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेलं. वाजवणारा अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालतो, सतारीच्या मिजराबीची चुलत भावंडं म्हणा. त्या तीन बोटांतून स्वरांची जी सर कोसळते, तिच्यासाठी मी पाहुण्यांना तिथे नेतो.

आता उत्तर. बहुतेक जण दुसरं काहीतरी करतात. आणि हे आजचं नाही, पहिल्यापासूनचं आहे.

ब्लूग्रासचा जनक म्हणतात तो बिल मन्रो १९११ साली केंटकीतल्या रोझिन गावी जन्मला, आठ भावंडांत धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्यांनी आधीच पटकावलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आली. तीही आठाऐवजी चारच तारा लावून, म्हणजे फार आवाज व्हायला नको! शेंडेफळाची ही गत आपल्याकडेही ओळखीची आहे. आईबाप लवकर गेले. फिडल वाजवणाऱ्या मामाकडे काही काळ राहिला आणि मग भावांच्या मागोमाग शिकागोजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला लागला. पिंपं हलवायची आणि उरलेल्या वेळात वाजवायचं. १९३९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात जागा मिळाली, तेव्हा कुठे बस्तान बसलं. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडच्या नावावरूनच पुढे सगळ्या प्रकाराला नाव पडलं.

अर्ल स्क्रग्जची गोष्ट मला जास्त जवळची, कारण तो आमच्या राज्यातला. शेल्बी गावाजवळचा. चार वर्षांचा असताना वडील गेले. युद्धाच्या काळात तो सुताच्या गिरणीत शिवणाचा दोरा बनवायच्या कामावर होता, तासाला ४० सेंट. तीन बोटांनी बँजो वाजवणारे त्या भागात आधीही होते, पण त्याला धार आणली ती या गिरणी कामगाराने. डिसेंबर १९४५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो मन्रोच्या बँडमध्ये गेला. त्याच बँडमध्ये गिटारवर गाणारा लेस्टर फ्लॅट, तोही कापडगिरणीतूनच आलेला. आज जगभर ज्याला ब्लूग्रास म्हणतात, तो नाद या कामगारांनी घडवला. मुंबईच्या गिरणगावातली भजनी मंडळं आणि शाहीर ज्यांनी ऐकलेत, त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

गिरणी सुटली म्हणजे सुख लागलं असं मात्र नव्हे. मन्रोचा बँड १९४१च्या शेवरले गाडीतून फिरायचा, बसल्या जागी झोपायचा, आठवडाभर कुठेही असो, शनिवारी रात्री ऑप्रीसाठी नॅशव्हिलला हजर. तो भला मोठा बेस गाडीच्या टपावर बांधलेला. काही वर्षं तर बरोबर तंबूही असायचा. दुपारी गावातल्या संघाशी बेसबॉलचा सामना, संध्याकाळी तंबूत कार्यक्रम. सामन्याला गर्दी जमली की तीच पुढे तंबूत. स्क्रग्जच्या आधीच्या बँजोवाल्याला मन्रोने वाजवण्यापेक्षा चेंडू फेकण्यासाठीच घेतला होता, असं लोक अजून हसत हसत सांगतात. आपल्याकडच्या तमाशाच्या फडमालकाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही, बेसबॉल सोडून. या फडात मन्रोच्या हयातीत दीडशेहून जास्त वादक आले आणि गेले.

फ्लॅट आणि स्क्रग्जही १९४८ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. मन्रोने पुढे वीसेक वर्षं अबोला धरला. घराण्यांचे रुसवेफुगवे आपल्याला नवे नाहीत, ते सोडून देऊ. त्यांच्या बँडचं पोट भरलं ते एका पिठाच्या कंपनीमुळे. १९५३ पासून 'मार्था व्हाइट' पीठवाले त्यांचे प्रायोजक. भल्या पहाटे रेडिओवर पिठाची जाहिरात गायची आणि मग दिवसभर गाडी हाकायची. त्या पिठात जो फुगवणारा घटक असतो, त्याच्या नावावरून पुढे कोलोराडोतल्या एका नामांकित बँडने आपलं नाव ठेवलं, 'हॉट राइझ'. अन्नदात्याचं ऋण इतक्या उघडपणे मानणारे कलावंत मी दुसरे पाहिलेले नाहीत.

दुसरा आधार म्हणजे अर्लची बायको, लुईझ. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तारखा घेणं, करारमदार, हिशेब सगळं तिच्याकडे. अमेरिकेच्या संगीतव्यवसायात तेव्हा हे काम करणाऱ्या बायका जवळजवळ नव्हत्याच. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेचं शीर्षकगीत वाजवायचं बोलावणं आलं, तर तिने आधी नकार दिला. मालिकेच्या नावातच डोंगरातल्या लोकांना हिणवणारा शब्द होता. मग पहिला भाग बघितला, खात्री करून घेतली आणि होकार दिला. ते गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. बँजो शिकणारी पोरं अर्लचे फोटो भिंतीवर लावतात, लुईझचा मला अजून कुठे दिसलेला नाही.

पण वाजवणं हाच धंदा केला आणि तो पुरला नाही, असेही आहेत, आणि पाहुण्यांना ही गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा उतरतो. व्हर्जिनियाच्या डोंगराळ टोकाचे कार्टर आणि राल्फ स्टॅन्ली. १९४६ पासून ब्रिस्टलच्या रेडिओवर गाणारे सख्खे भाऊ. कार्टर पुढचा आवाज लावायचा, राल्फ वरून दुसरा. दोन आवाजांच्या मधली ती फट इतकी बारीक, की रक्ताच्या नात्याशिवाय जमू नये. लोक वेडे होते त्यांच्यावर. तरीही १९५१ मध्ये दोघे डेट्रॉइटला फोर्डच्या मोटार कारखान्यात कामाला गेले. काही महिन्यांत परत आले, पुन्हा गाडी, पुन्हा शाळांचे हॉल. मग रॉक अँड रोल आलं आणि असलेली बोलावणीही आटली. कार्टर दारूच्या आहारी गेला, यकृत गेलं आणि डिसेंबर १९६६ मध्ये तो वारला. वय ४१.

राल्फ लाजाळू. बोलायचं, हसवायचं, कार्यक्रम पुढे न्यायचा तो कार्टर. आता थांबावं की चालू ठेवावं, असा विचार करत तो काही दिवस बसला, आणि मग उठून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं गायला. २००२ मध्ये, पंचाहत्तरी गाठून दोनच दिवस झाले असताना, त्याला ग्रॅमी मिळालं, एकही वाद्य न घेता गायलेल्या एका मृत्यूच्या गाण्यासाठी. इथे आमच्या गाडीत सहसा कुणी बोलत नाही. सीए शेजारी मात्र म्हणाले, "म्हणजे परतावा छप्पन्न वर्षांनी."

त्यांच्यासाठी माझ्याकडे राखून ठेवलेलं उदाहरण होतं, 'सेल्डम सीन'. १९७१ साली वॉशिंग्टनजवळ बेथेस्डात एका घराच्या तळघरात जमलेले पाच जण. एक सैन्यातला शल्यचिकित्सक, एक गणितज्ञ, एक वृत्तपत्रासाठी चित्रं आणि मांडणी करणारा कलाकार, एक नॅशनल जिऑग्राफिकमध्ये नकाशे काढणारा, आणि पाचवा, जॉन डफी, वाद्यं दुरुस्त करणारा. डफीने आधीचा बँड सोडला होता तोच मुळी दौऱ्यांना विटून. या पाचांनी ठरवलं, नोकरी सोडायची नाही. आठवड्यातून एक रात्र, ठरलेल्या ठिकाणी, आणि जमलं तर शनिवार-रविवार. क्वचितच दिसणार म्हणून कुणीतरी थट्टेने जे नाव सुचवलं, तेच ठेवलं.

माझ्या कानांना त्या काळातला याच्याहून गोड बँड दुसरा नाही. यांना कुणाला खूश करायचं नव्हतं, पीठ विकायचं नव्हतं. त्यामुळे जे आवडेल ते घेतलं, रॉकमधलंही घेतलं, आणि रागावणारे रागावले. आपल्याकडे दिवसा बँकेत किंवा एलआयसीत आणि रात्री प्रायोगिक नाटकाच्या तालमीत असलेली एक अख्खी पिढी होऊन गेली. त्यांचं नाटक 'हौशी' म्हणून कमी ठरवायची हिंमत मी तरी करणार नाही. पण हेही खरं, की गुरुवारी रात्री वाजवून शुक्रवारी शस्त्रक्रियेला उभं राहणं प्रत्येकाला जमत नाही. त्यांच्या त्या डॉक्टरनेही १९७७ मध्ये दवाखान्यासाठी बँड सोडला.

आजचं चित्र थोडं बरं आहे. ईस्ट टेनेसी स्टेट विद्यापीठात १९८२ पासून ब्लूग्रास शिकवतात, आता त्यात पदवीही मिळते. शिबिरं असतात, ऑनलाइन शिकवण्या असतात, आणि बिली स्ट्रिंग्जसारखा एखादा भली मोठी इनडोअर स्टेडियमं भरवतो. बेला फ्लेक हा बँजोवाला तर आपल्या झाकीर हुसेन आणि राकेश चौरसियांच्या जोडीने वाजवून २०२४ मध्ये दोन ग्रॅमी घेऊन गेला. मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगितलं की बँजोबद्दलचा आदर एकदम वाढतो. बाकीच्यांचं गणित कार्यक्रमानंतर दारापाशी मांडलेल्या टेबलावर सुटतं: टी-शर्ट, सीडी, टोप्या. तिकिटाचे पैसे रस्त्यात जातात, घरी जातात ते टेबलाचे.

मीही दर मंगळवारी एका जॅमला जातो. गोल करून बसायचं, ज्याची पाळी येईल त्याने गाणं सुचवायचं. मला गिटारवर जी, सी आणि डी एवढेच तीन कॉर्ड धड येतात, आणि सुदैवाने बहुतेक गाणी त्यांतच उरकतात. आमचा बेस वाजवणारा गृहस्थ साठीचा, मोजकं बोलणारा. शनिवारी तो एका खऱ्याखुऱ्या बँडबरोबर वाजवतो. गेल्या उन्हाळ्यात मावशीला त्याच कार्यक्रमाला नेलं होतं. संपल्यावर मी सीडी बघत होतो, तेवढ्यात मावशी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आपल्या इंग्रजीत विचारती झाली, वाजवता छान, पण काम काय करता? मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तो अजिबात हलला नाही. बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, त्याच बोटांनी त्याने पाकिटातून कार्ड काढून दिलं. पाण्याच्या नळांची कामं, वॉटर हीटर बसवून मिळतील.

मावशीने कार्ड वाचलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अरे, तुमचा गळतोय ना, विचार की."

सोमवारी सकाळी आठला तो आला. बेस ज्या गाडीत असतो तीच गाडी, मागच्या बाजूला पाइप आणि पान्ह्यांच्या पेट्या. तीन तास काम केलं, मावशीने केलेले कांदेपोहे दोनदा घेतले. बिल देताना मी सहज विचारलं, शनिवारी वाट्याला किती आले? म्हणाला, पंच्याऐंशी डॉलर. हातातलं बिल सहाशे दहाचं होतं.

"उद्या येतोयस ना जॅमला?" त्याने गाडी सुरू करता करता विचारलं.