पारंपरिक कुठला आणि नुसताच लोकप्रिय कुठला?

जगभरातले नाच बघायचं मला वेड आहे हे कळलं की माणसं हमखास एक प्रश्न विचारतात: यातला खरा पारंपरिक नाच कुठला आणि नुसताच लोकप्रिय झालेला कुठला, हे ओळखायचं कसं? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. एक मात्र आधीच सांगते, नाचाच्या वयावर जाऊ नका.

ग्रीसचा सिर्ताकी घ्या. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून धरलेली रांग, संथ सुरुवात, मग चढत जाणारी लय. वाटतं, होमरच्या काळापासून चालत आलं असणार. प्रत्यक्षात तो ‘झोर्बा द ग्रीक’ या १९६४च्या चित्रपटासाठी बसवला गेला. हासापिको या जुन्या नाचाचा आधार घेतला होता, एवढंच.

बालीच्या केचकचंही तसंच. उघड्या अंगाचे पुरुष कोंडाळं करून बसतात. एकही वाद्य नाही. ‘चक’ हा एकच आवाज ते गटागटांत असा वाटून घेतात, की एकाच्या दोन ‘चक’मधल्या फटीत दुसऱ्याचा ‘चक’ नेमका बसतो. एकट्याला झेपणार नाही असा वेग त्यातून उभा राहतो. अंगावर काटा येतो ऐकताना. याची मुळं सांघ्यांग नावाच्या, अंगात येण्याच्या जुन्या विधीत आहेत. पण मधोमध रामायण घडतं ते आजचं रूप १९३०च्या दशकातलं, आणि ते घडवण्यात बालीचे नर्तक वायान लिंबाक यांच्याबरोबर वॉल्टर स्पीस या जर्मन चित्रकाराचाही हात होता. म्हणून केचक खोटा का? मला तरी तसं वाटत नाही.

आणि आज ज्यांना आपण घरंदाज म्हणतो ते? वॉल्ट्झमध्ये स्त्री-पुरुष इतके जवळ येतात म्हणून १८१६ साली लंडनच्या ‘द टाइम्स’नं आगपाखड केली होती. टँगो वाढला ब्यूनोस आयरेस आणि माँटेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत. जर्मनीच्या कैसरनं १९१३मध्ये गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तो नाचायला बंदी केली. २००९मध्ये त्याच टँगोला युनेस्कोनं वारसा म्हणून मान्यता दिली. नाव ठेवणारे गेले, नाच राहिला.

मग मी काय बघते? नाचणाऱ्याला पुढं काय येणार हे ठाऊक आहे की नाही, ते. टँगोच्या मैफलीत, म्हणजे मिलोंगात, तोंडानं कुणी विचारत नाही. लांबूनच नजर भिडवायची, मान किंचित हलवायची. समोरच्यानं नजर फिरवली तर विषय संपला, चारचौघांत कुणाची शोभा होत नाही. होकार आला तर सलग तीन-चार गाणी एकत्र नाचायची. पावलं ठरलेली नसतात. छातीच्या कलावरून जोडीदाराला पुढचं पाऊल कळतं, आणि हे सगळं घड्याळाच्या उलट्या दिशेनं सरकणाऱ्या गर्दीत, कुणाला धक्का न लावता.

ब्रेकिंगचंही, म्हणजे ब्रेकडान्सचंही, असंच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७०च्या दशकात डीजे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवायचे आणि पोरं त्यावर उतरायची. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही गाणं डीजेच निवडत होता, स्पर्धकाला ते आधी माहीत नव्हतं. मला हा नाच टँगोचा सख्खा भाऊ वाटतो. कुणी म्हणेल, गोल गरागरा फिरणं म्हणजे कसरत. त्यांनी त्या गिरक्या सोडून सुरुवातीचं उभ्यानं केलेलं पदलालित्य बघावं. खरी तालाची समज तिथं उघडी पडते.

आता, या कसोटीवर बॅले सपशेल नापास होतो. तिथं बोटाची दिशासुद्धा ठरलेली. केचकचंही बरंचसं बांधलेलंच. तरी दोन्ही मी तासन्‌तास बघते. तेव्हा कसोटी माझी आहे, तुम्ही तुमची वेगळी लावा.